मुक्याचा कंदील

४ जून

दादास,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही. पत्र कामाचं आहे.

पत्ता कुठून मिळाला ते आधी सांगते, नाहीतर तू अर्धा तास त्यातच घालवशील. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं होतं, छापखान्यातला माणूस. लहानपणीचा पत्र्याचा यंत्रमानव तपासायला आणला होता. मी तो डोळ्याजवळ धरला, एक डोळा मिटला, तर तो हसायला लागला. म्हणाला, "आमच्याकडे एक फोरमन आहेत, ते छापलेला कागद अगदी असाच बघतात." मी यंत्रमानव खाली ठेवला आणि त्या फोरमनचं नाव विचारलं. त्याच्याकडून तपासणीचे पैसे घेतले नाहीत. यंत्रमानवाला शंभरात एकसष्ट गुण दिले, त्यातले पाच तुझ्यामुळे.

आता काम. मुक्याचा कंदील परत पाठव.

कुठला कंदील, असं विचारू नकोस. रविवारी सकाळी मालिका लागायची, विश्वाच्या शेवटच्या दारावर उभे राहणारे सात पहारेकरी. सातवा मुका. बाकीच्यांकडे तलवारी, भाले, कुऱ्हाडी, आणि याच्याकडे नुसता कंदील, तरी सगळे राक्षस त्यालाच घाबरायचे. अप्पांनी मालिकेवरून निघालेल्या त्यांच्या खेळण्यातल्या सातांच्या सात फिगर जमवल्या. सातवा कंपनीने फार थोडा काढला होता, त्यामुळे तो मिळाला तेव्हा अप्पांनी कामावर दांडी मारली होती. कंदील वाटाण्याएवढा, पिवळ्या प्लास्टिकचा. तू घर सोडलंस तेव्हापासून मुका रिकाम्या मुठीने उभा आहे.

एका लांबच्या शहरात खेळण्यांचं संग्रहालय निघालंय. त्यांना पहारेकरी हवेत. त्यांच्या बाई जुलैअखेर बघायला येणार आहेत. अप्पांची अट तुला ठाऊक आहेच, संच पूर्ण झाल्याशिवाय दाराबाहेर जाणार नाही. आणि अपूर्ण संच घेतंय तरी कोण? कान तुटलेला कप पाहुण्यापुढे कुणी ठेवत नाही.

तुझ्याकडे तो पडूनच असणार. तुझ्या तो काय कामाचा? एखाद्या पाकिटात घालून टाक आणि सुटका कर.

अप्पा बरे आहेत. म्हणजे उजवा गुडघा निकामी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र मूळचा, जरासुद्धा न झिजलेला. शंभरात चाळीस.

तुझी (हे सवयीने लिहिलं गेलं),
ढापणी


२१ जून

दादा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, दोन वाक्यं. 'मी कंदील नेला नव्हता. तू कशी आहेस?' सोळा वर्षांनी माणूस लिहितो आणि तेही तारेसारखं. छापखान्यात राहून शब्दांचा एवढा कंजूसपणा!

पहिल्या वाक्याचं आधी बघू. नेला नव्हतास, मग काय कंदिलाला पाय फुटले? त्या दिवशी घरात आपण तिघंच होतो. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुझ्या छपाईच्या शिक्षणाची फी भरायला अप्पा संच विकायला एकदाचे तयार झाले होते. दलाल बैठकीत बसला होता, मी चहा टाकला होता. अप्पांनी काचेचं कपाट उघडलं तर मुक्याची मूठ रिकामी. दलाल म्हणाला, "अपूर्ण संच मी घेत नाही," आणि चहा न घेता गेला. अप्पा तुला म्हणाले, "लहानपणापासून तुझा त्याच्यावर डोळा होता." तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. मुका तुझा फार लाडका, त्याच्याचसारखा उभा राहिलास, आणि संध्याकाळी पिशवी भरून निघालास. मी जिन्यात उभी होते. मलासुद्धा काही बोलला नाहीस. ते वाक्य तेव्हा मोठ्याने म्हणायला तुझं काय जात होतं?

दुसरं वाक्य. मी कशी आहे.

तुझ्या खोलीत पहारेकरी राहतात. माझ्या खोलीत अप्पांचा जादाचा माल आहे, छतापर्यंत खोकी. मी पॅसेजमध्ये झोपते, दोन्हीकडच्या भिंतींना हात लागतात. पडदे कायम ओढलेले, कारण उन्हाने पुठ्ठ्याचे रंग उडतात. तळण बंद, कारण तेलकट धूर खोक्यांवर बसतो. पंखा एकवर, कारण धूळ उडते. बाहेर ऊन आहे की ढग हे मला गिऱ्हाइकाच्या कपड्यांवरून कळतं. अप्पांना काही हवं असलं की ते चमचा पेल्यावर वाजवतात. हाक मारली तर श्वास जातो म्हणे. खालच्या शिंपीणकाकू म्हणतात, "तुमच्या घरात बाहुल्या ऐसपैस आणि माणसं फळीवर." अप्पांनी ऐकलं. बाहुल्या म्हटल्याबद्दल ते त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत, बाकीच्या वाक्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

माझं नाव मात्र झालंय. जुन्या फिगर तपासायला लोक लांबून येतात. सांधे किती ढिले, रंग मूळचा की मागून दिलेला, पाकीट कधी उघडलंय का. मी तपासायचं, पारदर्शक पेटीत बंद करायचं, वर माझ्या सहीचं लेबल चिकटवायचं. मग ती पेटी कुणी उघडायची नाही. उघडली की किंमत गेली. लोक आपलं बालपण असं पेटीत घालून घेऊन जातात आणि खूश असतात.

मागच्या पत्रात अर्धंच लिहिलं होतं, आता उरलेलं सांगते. संग्रहालयाच्या बाईंना पहारेकरी हवेत, आणि मीही हवी आहे. नोकरी देतायत. खेळणी तपासायची, दुरुस्त करायची, मांडायची. राहायला खोली, आणि त्या खोलीला म्हणे मोठी खिडकी आहे. एक सप्टेंबरला हजर व्हायचं. मी त्यांना 'बघते' म्हणाले. अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जा की. संच पूर्ण झाला की तू मोकळी."

हे ते काही पहिल्यांदा म्हणाले नाहीत. घड्याळं दुरुस्त करणारा एक जण होता. आठवड्यातून दोनदा काहीतरी तपासायच्या निमित्ताने यायचा. मी त्याला पंचाहत्तर दिले असते. तेव्हाही अप्पांनी हेच सांगितलं होतं. तो वर्षभर येत राहिला, मग त्याच्या घरातली खेळणी संपली.

तू म्हणशील, उठायचं आणि जायचं, मी गेलो तसं. तू गेलास तेव्हा अप्पांना दोन गुडघे होते. आता संच विकला तर त्यांना तळमजल्यावर जागा घेता येईल, सोबतीला माणूस ठेवता येईल. नाही विकला तर काय, तिसऱ्या मजल्यावर एका गुडघ्याच्या माणसाला कुलूप लावून जाऊ? सगळं येऊन त्या वाटाण्याएवढ्या वस्तूपाशी अडतं. म्हणून पुन्हा विचारते. रागावून नाही, हात जोडून विचारते. असेल तर दे रे.

ढापणी


९ जुलै

दादा,

पार्सल मिळालं. काडेपेटी, आत कापूस, कापसात कंदील, आणि चिठ्ठी, 'हा घे आणि जा.'

मी रडले. स्वयंपाकघरात नळ सोडून रडले, म्हणजे आत ऐकू जाऊ नये.

मग वाटीत पाणी घेतलं. आठवतं ना, अप्पांनी आपल्याला शिकवलेली पहिली परीक्षा? त्या कंपनीचं प्लास्टिक हलकं. अस्सल तुकडा तरंगतो, नकली बुडतो. आपण दोघं वाटीवर डोकं आपटेपर्यंत वाकून बघायचो. मी तुझा कंदील पाण्यावर ठेवला आणि तो सरळ तळाशी जाऊन बसला. काढून पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा तळाशी.

आधी अंगाचा तिळपापड झाला. खोटा माल, आणि तोही मला? मग जरा वेळाने डोकं चालायला लागलं. कडा अजून धारदार आहेत, म्हणजे नुकताच कुणाकडून तरी विकत घेतलास. कंदील तुझ्याकडे असता तर तोच पाठवला असतास. हरवला असता तर तसं लिहिलं असतंस, तुला खोटं बोलायला कधी जमलं नाही, म्हणून तर तू बोलतच नाहीस. तू नेला नव्हताच. मी जावं म्हणून न केलेली चोरी अंगावर घेतलीस आणि न नेलेली वस्तू परत केलीस.

आणि दादा, हे बघ. ज्याची फी भरायला संच विकायचा होता, तोच त्यातला तुकडा पळवून सौदा कशाला मोडेल? शेंबड्या पोराला कळेल ही गोष्ट. सोळा वर्षं मी लोकांच्या पाकिटांच्या कडा भिंगातून बघत बसले आणि हे मला दिसलं नाही.

आता मी काय करणार आहे ते फक्त तुलाच सांगते. मी हा अस्सल म्हणून खपवणार आहे. या धंद्यात माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. कडा घासून घेतल्या, आता नवेपणाची चकाकी जावी म्हणून चहात भिजत घातलाय. आजवर एकाही नगाला एक गुण उगाच दिलेला नाही. पण त्या खोलीला खिडकी आहे, दादा.

ढापणी


११ जुलै

दादा,

खपला नाही. कसा खपला नाही ते ऐक.

अप्पा आडवे होते. चष्मा खुंटीवर. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "अप्पा, दादाने कंदील पाठवलाय." कंदील अजून माझ्या मुठीत होता. अप्पांनी मानही वळवली नाही. म्हणाले, "नकली आहे."

"बघितला कुठे तुम्ही?"

"त्यात बघायचंय काय."

"पाण्यात टाकून बघा. हातात तरी घ्या."

"नकली आहे म्हटलं ना. चहा ठेव."

मी चहा ठेवला. गॅसपाशी साखर दोनदा घातली गेली. भाजीवाल्याची काकडीसुद्धा नखाने टोचल्याशिवाय न घेणारा हा माणूस. मला सहा महिने एकाच फिगरचा खांदा हलवायला लावून सांधा ओळखायला शिकवणारा. सोळा वर्षं ज्याच्या नावाने घर बंद ठेवलं, ती वस्तू दारात आली, आणि याला ती बघायचीही नाही?

तुझ्यावर राग आहे म्हणून नाही. रागातसुद्धा त्यांनी आधी तपासलं असतं. न बघता एवढी खात्री कुणाला असते? ज्याला खरा कुठे आहे ते ठाऊक आहे, त्याला.

हे लिहून पुन्हा वाचलं. खोडावंसं वाटलं. खोडत नाही.

ढापणी


१६ जुलै

दादा,

सापडला.

चार दिवस शोधलं. खोकी, गाद्या, पिठाचा डबा, अप्पांचे जुने बूट. शोधताना अप्पा चमचा वाजवत होते आणि मी प्रत्येक वेळी हातातलं टाकून धावत होते. मग मी खाली बसले आणि आपल्या धंद्यातला माणूस जसा विचार करेल तसा केला. मी कुठे बघणार नाही? जे मी आधीच बघून ठेवलंय तिथे.

अप्पांच्या उशाशी भिंतीवर काळोखराजा टांगलेला आहे. पहारेकऱ्यांचा शत्रू, काळा झगा, बंद पाकीट. हजारोंनी निघाला होता, कुणी फुकट घेत नाही. तरी अप्पा त्याची धूळ स्वतः पुसतात. मी धंद्यात नवी होते तेव्हा त्यांनी मला तो तपासायला दिला होता. "माझ्या हातातच बघ, तुझे हात ओले आहेत," म्हणाले होते. मी बघितला, ब्याण्णव दिले, पेटीत बंद केला, आणि लेबलावर लिहिलं, 'कधीही न उघडलेला.' खाली माझी सही.

अप्पा दुपारी झोपले तेव्हा तो उतरवला आणि जांभळ्या दिव्याखाली धरला, नोटा तपासायचा असतो तसला माझ्याकडे आहे. कंपनीचा डिंक त्या उजेडात दिसत नाही. पाकिटाच्या खालच्या कडेला एक निळसर पांढरी रेघ चमकली. फार हलक्या हाताने लावलेला डिंक, कुठे ओघळ नाही. इतकं सुबक काम या जगात एकाच माणसाला येतं आणि तो समोर घोरत होता.

माझंच लेबल मला कात्रीने कापावं लागलं. झग्याच्या मागे, काळोखराजाच्या पाठीला टेकून, कंदील होता. वाटीत टाकला. तरंगला.

किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. वर बघितलं तर अप्पा जागे.

"तुम्ही त्याला चोर म्हणालात," मी म्हटलं.

त्यांनी वाटीतल्या कंदिलाकडे बघितलं. मग म्हणाले, "तुझी आई गेली. मग तो फी भरून जाणार होता. संच पूर्ण होता ना, म्हणून सगळं जायला निघालं होतं."

"म्हणून स्वतःच्या पोराला चोर ठरवलंत?"

"मला वाटलं तो भांडेल. घर डोक्यावर घेईल, कपाटं उलटीपालटी करेल. चार दिवस शोधेल. तेवढ्यात दलाल दुसरीकडे वळेल आणि मी म्हणेन, हा बघ, मागे पडला होता." त्यांनी छताकडे बघितलं. "तो सरळ निघूनच गेला."

"मग हाक का नाही मारलीत? आणि माझ्या वेळी? मी तर इथेच होते. मला रोज सांगता आलं असतं."

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस?"

खरं उत्तर 'नाही' होतं, आणि 'हो'ही होतं. मी असंच थांबले असते की काय कुणास ठाऊक, कुणी नुसतं 'थांब' म्हटलं असतं तर. मग अप्पांनी चमचा उचलला आणि पेल्यावर वाजवला. मी समोर उभी, आणि पाणी मागायला चमचा. आणि दादा, मी पाणी दिलं.

लाज वाटते सांगायला. पण मला त्यांचा राग येतो त्याच वेळी त्यांची पातळ झालेली मान दिसते. राग पुरता येऊसुद्धा देत नाही हा माणूस.

तू चोर नव्हतास. हे कागदावर असलेलं बरं म्हणून पुन्हा लिहिते. तू चोर नव्हतास.

ढापणी


३० जुलै

दादा,

तुझं उत्तर आलं. या वेळी चार ओळी, प्रगती आहे. 'अप्पांना काही बोलू नकोस, म्हातारे झालेत,' असं तू लिहितोस. तू लांब आहेस म्हणून तुला हे परवडतं. बोलले मी. त्यानंतर आमचं बोलणं औषधापुरतं.

काल संग्रहालयाच्या बाई आल्या. तीन मजले चढून धापा टाकत आल्या आणि आल्या आल्या पडदा सारला. आमच्याकडे पडदा असा कुणी सारत नाही. अप्पांच्या खोलीत ऊन शिरलं, तर तिथली भिंत हिरवी आहे! मी ती करडी समजत होते.

अप्पांना उशा लावून बसवलं होतं, आणि पहारेकऱ्यांचं कपाट आदल्या दिवशीच तुझ्या खोलीतून तिथे आणलं होतं. अस्सल कंदील माझ्या मुठीत होता आणि ते अप्पांना माहीत होतं. मी ठरवलं होतं की त्यांनी स्वतः सांगावं. बाईंनी कपाटापाशी जाऊन एकेक पहारेकरी बघितला. मुक्यापाशी थांबल्या.

"संच पूर्ण आहे ना?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. आणि म्हणाले, "नाही. सातव्याचा कंदील हरवलाय. अपूर्ण आहे."

माझी मूठ उघडायला लागली होती. एक बोट उघडलंसुद्धा.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हो का? चालेल की. पाटीवर तसं लिहू."

अप्पा म्हणाले, "अपूर्ण आहे म्हणतोय मी."

"ऐकलं ना. आजोबा, आमच्याकडे मुलं येतात. त्यांच्या हातची खेळणी कुठे कधी पूर्ण असतात? उलट मुलं विचारतील कंदील कुठे गेला, आणि आमच्या मार्गदर्शकाला बोलायला विषय मिळेल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पत्रात हे का नाही लिहिलंत? मी तेव्हाच सांगितलं असतं."

का नाही लिहिलं? दादा, आमच्या डोक्यातच आलं नाही. सोळा वर्षांपूर्वी एक दलाल चहा न पिता गेला, तेव्हापासून अप्पांनी त्याचं वाक्य धरून ठेवलं आणि मीही धरून ठेवलं. त्यांनी किल्ली लपवली, मी ती शोधत बसले, आणि दाराला कडीच नव्हती. मला हसू आलं. फार वाईट हसू होतं ते. अप्पांचं तोंड तर असं झालं होतं की मला वाटलं, आता यांना पाणी द्यावं.

बाई संच विकत घेणार नाहीत, भाड्याने घेणार आहेत. मालकी अप्पांचीच. महिन्याच्या महिन्याला पैसे. शिंपीणकाकूंच्या दुकानामागची खोली रिकामी आहे, जिना नाही, आणि काकू म्हणाल्या, "बाहुल्यावाल्या आजोबांचं मी बघेन, पण मी तळण करणार, आधीच सांगते." पैसे आणि माणूस दोन्ही जमतात. फक्त कागदावर अप्पांची सही हवी. कागद उशाशी ठेवलाय. अप्पा भिंतीकडे तोंड करून आहेत.

कंदील अजून माझ्या मुठीत, म्हणजे ओढणीच्या टोकाला बांधून ठेवलाय. आता त्याने काही उघडत नाही आणि काही बंद होत नाही. तरी मला तो खाली ठेवता येत नाही.

ढापणी


३० ऑगस्ट

प्रिय दादा,

या पत्राबरोबर काडेपेटी आहे. तुझीच, तू पाठवलेली. आत अस्सल कंदील आहे. वाटीत टाकून बघ.

सोळा वर्षं याचा आळ तुझ्या डोक्यावर होता. वस्तूची किंमत तू भरून चुकलायस, तेव्हा वस्तूही तुझ्याकडेच असू दे. आता कुणी म्हटलं की कंदील त्यानेच नेला, तर खुशाल 'हो' म्हण. आणि मला संच पूर्ण झालेला नकोय. पूर्ण झाला की मी मोकळी, असं कुणी मला पुन्हा कधी म्हणायला नको. तो आता अपूर्णच राहील आणि मी उद्या निघेन.

अप्पांनी सही तीन आठवडे केली नाही. चमचाही वाजवला नाही, ते जास्त भयंकर होतं. मी पॅसेजमध्ये पडून चमच्याची वाट बघायचे. मग एका सकाळी त्यांनी हाक मारली. चमचा नाही, चक्क हाक, माझ्या नावाने. श्वास गेला नाही.

"मुक्याच्या हातात काय देणार?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. रिकामाच जाईल."

"रिकामी मूठ बरी दिसत नाही." मग म्हणाले, "त्याने पाठवलेला कुठे आहे? तो दे."

मी चहाने डागाळलेला तुझा नकली कंदील आणला. त्यांनी चष्मा मागितला. कंदील डोळ्याजवळ धरला, एक डोळा मिटला, हळूहळू फिरवून बघितला. एवढा वेळ त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत कशालाच दिला नव्हता. त्यांना त्या मोतीबिंदूतून काय दिसलं असेल ते असो. मग स्वतःच्या हाताने मुक्याच्या मुठीत बसवला आणि म्हणाले, "पाटीवर लिही, नकली आहे म्हणून. धंद्यात खोटं नको."

धंद्यात खोटं नको! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने पेन मागितलं.

पहारेकरी काल गेले. अप्पांना आज सकाळी काकूंच्या मागच्या खोलीत हलवलं. चौघांनी खुर्चीत बसवून उतरवलं, तेव्हा प्रत्येक जिन्यावर ते सांगत होते, "जपून, कोपरे सांभाळा." काळोखराजा उशाशी हवाच म्हणाले, कापलेल्या लेबलासकट टांगून दिला. काकूंनी पहिल्याच दिवशी काहीतरी तळलं. अप्पांनी नाक मुरडलं आणि दोनदा मागून घेतलं.

मी हे वर, रिकाम्या घरात लिहितेय. सगळे पडदे काढलेत. तरी मघाशी तुझ्या खोलीचं दार उघडायच्या आधी मी हात धुवून आले, इथे हात लावण्यासारखं काही उरलेलं नसताना. अधूनमधून पेल्यावर चमचा वाजल्यासारखं होतं. त्या खिडकीच्या खोलीतही वाजेल, मला माहीत आहे. किती दिवस, ते माहीत नाही. मला भीती वाटते, दादा. नेमकी कशाची ते सांगता येत नाही. अप्पांना काही होईल याची, आणि काहीच होणार नाही, माझ्यावाचून त्यांचं छान चालेल, याचीही.

तू ये असं मी म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणणार नाही. शिंपीणकाकूंच्या दुकानामागे, जिना चढावा लागत नाही.

खाली जाऊन अप्पांना सांगून आले, तेवढं लिहिते आणि पेटी बंद करते. लपवाछपवी आता नको, म्हणून सरळ सांगितलं, "अप्पा, अस्सल कंदील मी दादाला पाठवतेय. परत मागायचा नाही."

मला वाटलं, आता फुटतील. ते काळोखराजाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"कापसात गुंडाळलास ना?"

मी म्हटलं, "हो. त्यानेच पाठवलेल्या कापसात."

तुझी,
ढापणी